पहारेकऱ्याच्या घरातला चोर

 

ज्वारी निसवली की आपण शेताला राखण ठेवतो. दाणा भरू लागला की दिवसा पाखरं येतात, रात्री रानडुकरं येतात, आणि एखादे वेळी दोन पायांचा चोरही येतो. माळ्यावर बसून, गोफण फिरवून राखणदार या सगळ्यांना परतवून लावतो. पण समजा, चोर राखणदाराच्याच खोपीत शिरला, त्याच्याच घोंगडीत झोपला आणि त्याच्याच भाकरीत वाटेकरी झाला, तर काय होईल? राखणदार रात्रभर बांधावरून कंदील घेऊन फिरेल आणि चोर काही त्याला सापडणार नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत होईल.

क्षयरोगाचा जंतू आपल्या शरीरात नेमका हाच डाव खेळतो. तो डाव आज तुम्हांला उलगडून सांगायचा आहे. आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक क्षयरोगी एक प्रश्न विचारतो, "डॉक्टरसाहेब, खोकला गेला, ताप गेला, भूकही लागते, मग अजून गोळ्या कशाला?" जंतूची लबाडी समजली, की या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं.

आधी आपले राखणदार कोण, ते पाहू. बाभळीचा काटा पायात मोडला आणि तसाच राहिला, तर दोन दिवसांत ती जागा लाल होते, ठणकते आणि पू धरते. हा पू म्हणजे घाण नव्हे. त्यात बहुतेक मेलेल्या पांढऱ्या पेशी असतात, म्हणजे काट्याबरोबर आत शिरलेल्या जंतूंशी लढताना कामी आलेले आपले शिपाई. ही गोष्ट प्रथम उमगली ती मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाला. १८८२ साली तो इटलीतल्या मेसिना गावी समुद्रकाठी राहत होता. तारामाशाची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात. त्याने एका पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! परक्याला वेढायचं आणि गिळून टाकायचं, हे या पेशींचं काम. म्हणून त्यांना भक्षक पेशी म्हणतात. १९०८ साली मेचनिकॉफला पॉल अर्लिख या शास्त्रज्ञाबरोबर नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

भक्षक पेशी जंतूला गिळते म्हणजे काय करते? जंतूभोवती एक पिशवी तयार होते आणि जंतू त्या पिशवीत बंद होऊन पेशीच्या आत जातो. पेशीत दुसऱ्याही पिशव्या असतात आणि त्यांत आंबट, जाळणारा पाचकरस भरलेला असतो. या दोन पिशव्या एक झाल्या की जंतू विरघळतो. या राखणदारांच्या मदतीला आणखी एक व्यवस्था आहे, ती प्रतिद्रव्यांची. जंतू ओळखला गेला की शरीर त्याच्या अंगाला चिकटून बसणारी द्रव्यं तयार करतं. चोराच्या पाठीवर चुन्याचा हात मारून ठेवावा, तसं हे आहे. खूण दिसली की राखणदार त्याला बरोबर धरतात.

एवढा बंदोबस्त असताना रोग होतातच कसे? मंडळी, रोग करणारे जंतू ताकदीपेक्षा युक्तीवर जगतात. त्यांच्या युक्त्या पुष्कळ आहेत. दोन थोडक्यात सांगतो आणि तिसरीकडे सावकाश वळतो.

पहिली युक्ती निसरड्या अंगाची. अंगाला तेल चोपडून आलेला चोर जसा हातात सापडत नाही, तसा न्यूमोनियाचा एक जंतू अंगाभोवती साखरेसारख्या द्रव्याचं बुळबुळीत आवरण घालून येतो. भक्षक पेशीची पकड त्यावर बसत नाही. १९२८ साली ग्रिफिथ या इंग्रज डॉक्टरने आपले प्रसिद्ध प्रयोग जाहीर केले. त्यांत असं दिसलं, की आवरण असलेला जंतू टोचला तर उंदीर मरतो, आणि त्याच जातीचा पण आवरण नसलेला जंतू टोचला तर उंदीर जगतो. फरक काय तो अंगरख्याचा! आज लहान बाळांना न्यूमोनियाची जी लस देतात, ती हा अंगरखाच ओळखायला शरीराला शिकवते. आपल्या देशाच्या लसीकरणात ती २०१७ साली काही राज्यांत सुरू झाली आणि २०२१ साली देशभर पोचली.

दुसरी युक्ती वेष बदलण्याची. उवांमार्फत पसरणारा एक ताप असा आहे, की तो काही दिवस चढतो, उतरतो, माणूस उठून बसतो, आणि आठवड्याभराने पुन्हा तसाच चढतो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात पोटासाठी मुंबईला गेलेल्या लोकांत या तापाची साथ आली होती. १८७७ साली तेथील डॉक्टर हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळणावळणाचे जंतू पाहिले. ताप उलटतो का, हे पुढे उलगडलं. शरीर या जंतूचा अंगरखा ओळखून त्याचा फडशा पाडतं, पण तेवढ्यात थोडे जंतू निराळा अंगरखा घालून बसलेले असतात. जुनी खूण त्यांना लागू पडत नाही. ते वाढतात आणि शरीराला पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागते.

आता तिसरा, आणि सर्वांत कसलेला चोर. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. तो सापडायला इतका उशीर का झाला? कारण नेहमीचे रंग त्याला चढतच नव्हते. या जंतूच्या अंगावर मेणाचा जाड थर असतो.

गुरुजींनी हे वर्गात जरूर करून दाखवावं. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब टाका, तो मोत्यासारखा घरंगळतो, कारण पानावर मेणाचा पातळ थर असतो. मग एका कोऱ्या कागदाचा अर्धा भाग मेणबत्तीने घासा आणि सगळ्या कागदावर शाईचं पाणी फिरवा. कोरा भाग रंगेल, मेणाचा भाग तसाच राहील. क्षयाच्या जंतूचं असंच आहे. म्हणून तपासणीत बेडका काचेवर पसरून, तांबडा रंग टाकून ती काच तापवण्याची रीत पडली. उष्णतेने रंग मेणातून आत शिरतो, आणि एकदा शिरला की आम्लाने धुतला तरी निघत नाही. बाकीचे जंतू धुऊन निघतात, हा एकटा तांबडा राहतो. जो अंगरखा त्याला लपवतो, त्याच अंगरख्यावरून तो ओळखता येतो.

हा जंतू येतो हवेतून. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकला, शिंकला, मोठ्याने बोलला, की अगदी बारीक तुषार उडतात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. श्वासाबरोबर ते फुप्फुसाच्या टोकाशी पोचतात. तिथे भक्षक पेशी पहाऱ्यावर असतातच. त्या जंतूला चटकन गिळतात. इथवर सगळं नियमाप्रमाणे होतं, पण खरी लबाडी यापुढे सुरू होते. पाचकरसाची पिशवी जवळ आली, की हा जंतू आतून अशी द्रव्यं सोडतो की दोन पिशव्या एक होतच नाहीत. १९७१ साली इंग्लंडमध्ये आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी विद्युत् सूक्ष्मदर्शकाखाली हे स्पष्ट दाखवलं. जंतू पिशवीत जिवंत, आणि रस भरलेल्या पिशव्या बाजूलाच थांबलेल्या! तुरुंगाची कोठडी म्हणून जी खोली बांधली, तीच त्याची राहती खोली झाली. पहारेकऱ्याच्या घरात बसलेल्या चोराला प्रतिद्रव्याची खूण तरी कोण करणार? प्रतिद्रव्यं पेशीच्या बाहेर फिरतात, चोर आत.

तिथे तो घाई करत नाही. पोटातले काही जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणून शरीराला धोक्याची वर्दी उशिरा पोचते. आणि मग केव्हातरी तो त्या खोलीची भिंत आतून फोडतो, पहारेकरी मरतो, त्याला उचलायला दुसऱ्या भक्षक पेशी येतात, त्या जंतूंना गिळतात आणि चोराला नवी घरं मिळतात. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, तसा प्रकार.

ही भिंत फोडण्याचं हत्यार किती महत्त्वाचं, ते बीसीजीच्या लशीवरून कळतं. फ्रान्समध्ये कॅल्मेट आणि गेरँ या दोघांनी गाईच्या क्षयाचा जंतू १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं, २३० वेळा नव्या खाद्यावर वाढवला. वाढवता वाढवता तो निरुपद्रवी झाला आणि त्याचीच लस झाली. असं का झालं, ते फार वर्षांनी कळलं. त्या जंतूने भिंत फोडायचं हत्यारच गमावलं होतं. ही लस लहान मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून चांगलं रक्षण देते, म्हणून ती जन्मल्याबरोबर टोचून घ्यावी. पण मोठेपणी होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाला ती पुरी पडत नाही. लहानपणी लस टोचली होती म्हणून खोकल्याकडे दुर्लक्ष करू नये.

शरीरही अगदीच हार मानत नाही. कांही आठवड्यांनी टी पेशी नावाची दुसरी फौज येते आणि चोर बसलेल्या घरांभोवती गराडा घालते. त्या जागी एक बारीक गाठ तयार होते. पुष्कळ जंतू आत मरतात, उरलेले निपचित पडतात. मरत नाहीत, झोपतात. जगातल्या साधारण चार माणसांपैकी एकाच्या शरीरात हा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण त्या लोकांपैकी शंभरात पाच ते दहांनाच आयुष्यात केव्हातरी रोग होतो. बाकीचे राखण सांभाळून असतात. त्यांना खोकला नसतो आणि त्यांच्यापासून कोणाला लागणही होत नाही.

मग गराडा ढिला कधी पडतो? पोटाला अन्न पुरेनासं झालं, मधुमेह झाला, दारू आणि तंबाखूची चट लागली, एचआयव्हीची लागण झाली, म्हातारपण आलं, की राखणदार थकतात आणि झोपलेला चोर उठतो. अन्नाचं महत्त्व किती? झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना धान्य, डाळ असा जादा शिधा देऊन पाहिला. ज्या घरांना शिधा मिळाला, त्यांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण इतर घरांपेक्षा शंभरात एकोणचाळीसने कमी झालं. हे औषध दुकानात मिळत नाही, ते ताटात असतं.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. एक ऊसतोडीला जाणारे गृहस्थ माझ्याकडे आले होते. नाव सांगत नाही. महिनाभराचा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, अंगावरचं मांस उतरलेलं. बेडक्यात जंतू सापडले, गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत वजन वाढलं, गडी हसायला लागला. दसरा झाला, टोळी निघाली, तो कोयता घेऊन गेला आणि गोळ्या घरी फळीवर राहिल्या. पुढच्या पावसाळ्यात तो परत आला तेव्हा बायकोने हात धरून आणलं होतं, आणि या खेपेला जंतू मुख्य औषधाला दाद देत नव्हते. बरा झाला तो, पण दीड वर्षं उपचार घेऊन आणि बैलजोडी विकून. दोष त्याचा एकट्याचा नव्हता. बरं वाटणं आणि बरं होणं यांतला फरक त्याला नीट समजावून सांगायला आम्ही कमी पडलो.

तो फरक असा. मोकळ्यावर फिरणारे, भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात. खोकला आणि ताप मुख्यतः त्यांच्यामुळे असतो, म्हणून बरं वाटतं. पण पहारेकऱ्याच्या घरातले आणि गाठीत झोपलेले जंतू अजून असतात. म्हणून औषधं एक नाही, चार देतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाचं काम निराळं आहे. आयसोनियाझिड त्या मेणाच्या अंगरख्याचं विणकामच बंद पाडतं. इथॅम्ब्युटॉल जंतूची भिंत बांधू देत नाही. पायराझिनामाइड आंबट जागी उत्तम चालतं, म्हणजे इतर औषधं जिथे मंद पडतात तिथे. आणि रिफाम्पिसिन झोपेतून मध्येच थोडा वेळ जागा होणारा जंतूही टिपतं. त्या गोळीने लघवी नारिंगी होते, घाबरू नये, ते औषध अंगात गेल्याची खूण आहे. डोळे मात्र पिवळे झाले, दिसायला अंधुक झालं किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं. झोपलेला चोर रोज उठत नाही. तो उठेल तेव्हा औषध रक्तात हजर असलं पाहिजे. सहा महिने रोज गोळी घ्यायची ती एवढ्यासाठी.

मध्येच सोडली तर काय होतं? असंख्य जंतूंत एखादा असा निपजतोच, की त्याच्यावर एखाद्या औषधाचा परिणाम होत नाही. चार औषधं एकदम असली तर एकाला चुकवणारा दुसऱ्याच्या हाती सापडतो. अर्धवट, सुटंसुटं औषध घेतलं की तो एकटा उरतो आणि त्याचीच प्रजा वाढते. मग लागण होते ती या बेरड प्रजेची, आणि ती होते आपल्याच घरातल्या पोराबाळांना. अशा क्षयासाठी आता सहा महिन्यांचे नवे उपचारही आले आहेत, पण ते सगळ्यांनाच लागू पडतात असं नाही.

यासाठी घरदार सोडून जावं लागत नाही. एके काळी पाचगणी, मिरज अशा ठिकाणच्या आरोग्यधामांत महिनोन् महिने राहावं लागे, आणि ते गरिबाला परवडणारं नव्हतं. १९५६ साली मद्रासमध्ये एक केंद्र सुरू झालं. तिथे काही रोग्यांना आरोग्यधामात आणि काहींना शहरातल्या दाटीवाटीच्या वस्तीत, त्यांच्या घरीच औषधं दिली. १९५९ साली निष्कर्ष आला, की घरी राहून नियमित औषध घेणारे तितकेच बरे होतात, आणि त्यामुळे घरच्यांना जास्त लागणही होत नाही. जगभरच्या क्षयोपचाराची दिशा त्या निष्कर्षाने बदलली.

म्हणून मंडळी, चार गोष्टी ध्यानात ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल किंवा बेडक्यात रक्त दिसलं, तर सरकारी दवाखान्यात जाऊन बेडका तपासून घ्या. तपासणी आणि औषधं तिथे मोफत आहेत. आहारासाठी सरकार रोग्याच्या खात्यात दरमहा पैसेही देतं. २०१८ साली ते पाचशे रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. दुसरं, ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा मुंबईला निघालात, तर आधी दवाखान्यात किंवा आशाताईंना सांगा. तुमची नोंद तिकडच्या केंद्राकडे पाठवता येते आणि गोळ्या तिथे मिळतात. तिसरं, खोकताना तोंडावर फडकं धरा आणि घराची खिडकी उघडी ठेवा. चौथं, रोग्याचं ताट-वाटी वेगळी काढू नका. हा रोग भांड्यांतून, कपड्यांतून लागत नाही, तो पूर्वजन्मीचं पाप नाही आणि आनुवंशिकही नाही. योग्य औषधं सुरू झाली की काही आठवड्यांत रोग्यापासून लागण होण्याचा धोका फार कमी होतो. माणूस वाळीत पडेल या भीतीने खोकला लपवतो, आणि चोराला लपायला आणखी एक घर मिळतं.

गुरुजनांना शेवटची विनंती. अळूचं पान आणि मेणाचा कागद मुलांना दाखवाल, तेव्हा एवढं आणखी सांगा, की घरात कोणी क्षयाच्या गोळ्या घेत असेल तर रोज रात्री त्याला विचारायचं, "आजची गोळी घेतली का?" आजोबा मुलाचं ऐकणार नाहीत कदाचित, पण नातीचं ऐकतील. राखणदाराच्या खोपीत चोर बसलेला असेल, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने कंदील धरावा लागतो, आणि तो सहा महिने विझू द्यायचा नसतो.